नादसुखाचें गणित : लेओनार्ड ऑयलर याचें चरित्र

संगीत ऐकून ज्याचें चित्त प्रसन्न होत नाहीं असा मनुष्य विरळा. तान्हें मूल अंगाईगीत ऐकतां ऐकतां झोपीं जातें. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांची पावलें टाळमृदंगाच्या नादांत थकवा विसरतात. उपासनामंदिरांत गीताचे सूर उठले म्हणजे विखुरलेलीं मनें क्षणभर एकत्र येतात. परंतु हें असें कां होतें? कांहीं सूर एकत्र वाजले असतां कानास गोड लागतात आणि कांहीं खुपतात, याचें कारण काय? आणि तें कारण सांपडलें, तर वजन किंवा लांबी मोजावी त्याप्रमाणें संगीतापासून होणारें सुखही अंकांनीं मोजतां येईल काय? हा प्रश्न ज्यानें केवळ विचारला नाहीं, तर हातीं लेखणी घेऊन सोडविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, अशा एका थोर गणितज्ञाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव लेओनार्ड ऑयलर. गणिताच्या पुस्तकांतून हें नांव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतें. परंतु या मनुष्यानें संगीतावरही एक ग्रंथ लिहिला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

ऑयलर याचा जन्म स्वित्झर्लंडमधील बासल या नगरांत १५ एप्रिल १७०७ रोजीं झाला. त्याचा पिता पॉल ऑयलर हा धर्मोपदेशक होता, आणि त्याची आईही धर्मोपदेशकाच्याच घरांतील होती. लेओनार्डच्या जन्मानंतर थोड्याच काळानें हें कुटुंब जवळच्या रीहेन या खेड्यांत राहावयास गेलें. पॉल यानें तरुणपणीं याकोब बर्नुली या प्रख्यात गणितज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यामुळें मुलाला गणिताचे पहिले धडे बापाकडूनच मिळाले. तथापि मुलानें आपल्याप्रमाणेंच धर्मसेवेंत आयुष्य घालवावें अशी पित्याची इच्छा होती. वयाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे १७२० सालीं, लेओनार्ड बासलच्या विद्यापीठांत दाखल झाला.

तेथें याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली हा गणिताचा अध्यापक होता. स्वतंत्र शिकवणी देण्यास त्यास सवड नव्हती. परंतु त्यानें या मुलास कांहीं कठीण ग्रंथ स्वतःच वाचण्यास सांगितलें, आणि अडेल तें विचारण्यासाठीं दर शनिवारीं दुपारीं घरीं येण्याची मोकळीक दिली. ऑयलरनें पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे कीं, गुरूनें एक अडचण सोडविली म्हणजे तिच्याबरोबर दुसऱ्या दहा आपोआप नाहींशा होत. गणित शिकण्याचा हाच उत्तम मार्ग होय असें त्याचें मत झालें, आणि आमच्या विद्यार्थ्यांनींही त्याचा विचार करण्यासारखा आहे. पुढें योहान बर्नुली यानेंच पित्याची समजूत घातली कीं, हा मुलगा मोठा गणितज्ञ होण्यासाठीं जन्मला आहे. आणि पित्यानेंही ती गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली.

१७२७ सालीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ऑयलरनें नाद या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. बासल येथील पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा त्या वेळीं रिकामी झाली होती व तिच्यासाठीं त्यानें हा निबंध सादर केला होता. ती जागा त्यास मिळाली नाहीं. परंतु ही निराशा त्याच्या पथ्यावरच पडली. योहानचा पुत्र डॅनिएल बर्नुली हा त्या वेळीं रशियाच्या राजधानींत, सेंट पीटर्सबर्ग येथें, नव्यानें स्थापन झालेल्या विद्वत्परिषदेंत काम करीत होता. त्याच्या खटपटीनें ऑयलरला तेथें बोलावणें आलें. मौज अशी कीं, रिकामी जागा शरीरशास्त्राची होती. म्हणून या तरुणानें निघण्यापूर्वीं कांहीं महिने वैद्यकाचाही अभ्यास केला! १७ मे १७२७ रोजीं तो पीटर्सबर्ग येथें पोंचला आणि तेथें त्यास अखेर गणिताचेंच काम मिळालें. १७३३ सालीं डॅनिएल स्वदेशीं परतला, तेव्हां त्याच्या जागीं गणिताचा मुख्य अध्यापक म्हणून ऑयलरची नेमणूक झाली. पुढील वर्षीं कॅथरिना ग्झेल या चित्रकाराच्या कन्येशीं त्याचा विवाह झाला. त्यांस तेरा अपत्यें झालीं, पण त्यांपैकीं पांचच बालपण ओलांडून जगलीं. मांडीवर मूल खेळत असतां आणि भोंवतीं दुसरीं मुलें गलका करीत असतांही ऑयलरची लेखणी थांबत नसे, असें सांगतात.

याच काळांत त्यानें संगीतावरील आपला ग्रंथ लिहिला. त्याचा बहुतेक भाग १७३१ पर्यंत, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षीं, लिहून झाला होता. परंतु तो छापून प्रसिद्ध झाला १७३९ सालीं. ग्रंथ लॅटिन भाषेंत आहे, आणि संगीताचा नवा सिद्धांत मांडण्याचा प्रयत्न अशा अर्थाचें त्याचें नांव आहे.

या ग्रंथाचें मर्म कळण्यासाठीं प्रथम एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तारेची लांबी निम्मी केली, तर तिचा सूर बरोबर तार षड्जाचा होतो. आणि लांबी तीन भागांपैकीं दोन भाग ठेविली, तर पंचम निघतो. हा शोध ग्रीक तत्त्ववेत्ता पायथॅगोरस याच्या नांवावर प्राचीन काळापासून सांगितला जातो. पुढें असें कळून आलें कीं, सूर म्हणजे हवेचीं नियमित आंदोलनें होत. एखाद्या तंबोऱ्याच्या षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २०० असलीं, तर तार षड्जाचीं ४०० आणि पंचमाचीं ३०० असतात. म्हणजे षड्ज आणि तार षड्ज यांचें प्रमाण १:२, आणि षड्ज व पंचम यांचें २:३. जे सूर कानास जुळतात त्यांचीं प्रमाणें लहान अंकांचीं असतात, हें पाहून जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यानें असें अनुमान केलें होतें कीं, संगीत ऐकतांना आपलें मन नकळत मोजणीच करीत असतें.

ऑयलरनें याच विचारास पूर्ण गणिती रूप दिलें. त्याचें म्हणणें असें : एखाद्या वस्तूंत व्यवस्था आहे, आणि ती व्यवस्था आपल्या ध्यानांत आली, म्हणजे मनास आनंद होतो. घड्याळाचीं चाकें पाहून, हीं सर्व एकाच हेतूनें फिरत आहेत असें समजलें कीं पाहणारा संतोष पावतो, संगीताचेंही तसेंच. मात्र व्यवस्था जितकी साधी, तितकी ती लवकर ओळखूं येते. एका ओळींत ठिपके काढावे आणि तिच्याखालीं दुसऱ्या ओळींत बरोबर दुप्पट अंतरानें ठिपके काढावे. दोहोंतील नातें एका दृष्टिक्षेपांत कळतें. हाच षड्ज आणि तार षड्ज यांचा संबंध. परंतु एका ओळींतील आठ अंतरें दुसरींतील नऊ अंतरांशीं जुळत असलीं, तर डोळा गोंधळतो आणि मोजून पाहावें लागतें.

ही सुगमता अंकांनीं मोजण्यासाठीं त्यानें एक नियम बसविला. तो इतका सोपा आहे कीं, ज्यास लघुत्तम साधारण विभाज्य काढतां येतो असा कोणताही विद्यार्थी तो वापरूं शकेल. सुरांचें प्रमाण अतिसंक्षिप्त रूपांत मांडावें. त्या अंकांचा लघुत्तम साधारण विभाज्य काढावा. तो मूळ अवयवांत फोडावा. प्रत्येक अवयवांतून एक वजा करावा, आलेल्या बाक्यांची बेरीज करावी, आणि तींत एक मिळवावा. येईल तो अंक त्या सुरांच्या माधुर्याची पायरी होय; अंक जितका लहान, तितका मेळ सुगम.

उदाहरणें घेऊं. षड्ज आणि तार षड्ज, १:२; विभाज्य २; पायरी दुसरी. षड्ज आणि पंचम, २:३. विभाज्य ६, अवयव २ आणि ३. बाक्या १ आणि २. बेरीज ३, एक मिळवून ४. षड्ज आणि शुद्ध मध्यम, ३:४, विभाज्य १२, पायरी ५. षड्ज आणि शुद्ध गंधार, ४:५, विभाज्य २०, पायरी ७. षड्ज आणि कोमल गंधार, ५:६, विभाज्य ३०, पायरी ८. आणि पेटीवरील दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबल्या असतां जो कर्कश आवाज निघतो, त्याचें शुद्ध प्रमाण १५:१६ धरलें, तर विभाज्य २४० आणि पायरी ११. येथपर्यंत गणित आणि कान यांचें उत्तम जमतें. चोवीस वर्षांच्या तरुणानें केवळ कागदावर अंक मांडून कानाची आवडनिवड क्रमानें लावून दाखविली, हें पाहून कोणासही कौतुक वाटेल.

परंतु आणखी थोडें पुढें जाऊन पाहिलें, कीं अडचणी येऊं लागतात. षड्ज आणि शुद्ध ऋषभ यांचें प्रमाण ८:९. विभाज्य ७२, आणि नियमाप्रमाणें पायरी ८. म्हणजे षड्ज व कोमल गंधार यांची आणि षड्ज व ऋषभ यांची पायरी एकच ठरली. पण हे दोन मेळ पेटीवर एकामागून एक वाजवून पाहावे. पहिला बहुतेकांस गोड वाटतो आणि दुसरा खुपतो. दुसरें उदाहरण याहून विलक्षण आहे. षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम हे तीन सूर ४:५:६ या प्रमाणांत असतात. षड्ज, कोमल गंधार आणि पंचम हे १०:१२:१५ या प्रमाणांत. दोहोंचाही विभाज्य ६०, आणि दोहोंचीही पायरी ९. युरोपीय संगीताची सर्व इमारत या दोन मेळांवर उभी आहे. पहिला ऐकून तेथील श्रोत्यास उल्हास वाटतो आणि दुसरा ऐकून विषाद. जी व्यवस्था लवकर कळते ती हर्ष देते, आणि जी कष्टानें कळते ती विषण्ण करते, असें ऑयलरनें स्वतःच आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें. पण त्याच्याच अंकांत हर्ष आणि विषाद यांची किंमत सारखी निघाली!

तिसरी अडचण तर सर्वांत मोठी. षड्जाचीं आंदोलनें २०० असतां पंचमाची तार किंचित् उतरून ३०० ऐवजीं २९९ आंदोलनें झालीं असें समजा. सामान्य श्रोत्याच्या कानास हा फरक क्वचितच खुपेल. परंतु २००:२९९ या प्रमाणाची पायरी नियमाप्रमाणें काढली तर ती येते ४६! केवळ एका आंदोलनानें चौथ्या पायरीवरील मेळ एकदम शेहेचाळिसाव्या पायरीवर जाऊन पडतो. आपल्या पेटीचा पंचमही बरोबर ३०० चा नसतो, सुमारें २९९.६६ चा असतो, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरानें लाविलेले असतात. तरीही पेटीच्या साथीनें गाणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास आनंद होतोच.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर त्याचें फारसें स्वागत झालें नाहीं. ऑयलरचा शिष्य निकोलस फुस यानें पुढें लिहिलेल्या गुरुचरित्रांत याचें कारण मार्मिकपणें दिलें आहे : या पुस्तकांत गणितज्ञांच्या मानानें संगीत फार होतें आणि गवयांच्या मानानें गणित फार होतें. त्याच शिष्यानें असेंही नमूद केलें आहे कीं, संगीत हा ऑयलरचा विरंगुळा होता. पण विरंगुळ्याच्या वेळींही त्याची गणिती दृष्टि त्यास सोडून जात नसे.

या सुमारास त्याच्यावर एक आघात झाला होता. दुखण्यानें १७३८ सालीं त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. पण त्याचें काम अखंड चालूं होतें. १ + १/४ + १/९ + १/१६ अशा अनंत श्रेढीची बेरीज किती, हा थोर थोर पंडितांना न सुटलेला प्रश्न त्यानें १७३५ सालीं सोडविला. क्योनिग्जबर्ग शहरांतील सात पुलांवरून, एकही पूल दोनदां न ओलांडतां फिरून येतां येईल काय, या वरकरणीं पोरखेळ वाटणाऱ्या कोड्यापासून त्यानें गणिताची एक नवी शाखा निर्माण केली.

१७४१ सालीं प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून ऑयलर बर्लिन येथें गेला व तेथें पंचवीस वर्षें राहिला. हा राजा स्वतः उत्तम बांसरी वाजवी आणि संगीतरचनाही करी. थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख हा १७४७ सालीं त्याच्या दरबारीं येऊन गेला, आणि बाखचा पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल हा तर राजाच्या पदरींच होता. ज्याच्या दरबारीं संगीताला इतका मान, तेथें संगीताचें शास्त्र लिहिणारास जिव्हाळा मिळावा असें आपणांस वाटेल. परंतु तसें घडलें नाहीं. राजास चतुर, विनोदी आणि धर्माची टवाळी करणारे पंडित आवडत. ऑयलर साधा, अबोल आणि श्रद्धाळू होता. राजानें त्याच्या एका डोळ्यावरूनही त्याची थट्टा केली. ऑयलरनें मात्र आपला मार्ग बदलला नाहीं. दररोज सायंकाळीं तो कुटुंबास एकत्र बसवून पवित्र शास्त्राचा अध्याय वाची. आणि १७४७ सालीं, ज्या दरबारांत नास्तिकपणा हें भूषण समजलें जाई, त्याच दरबाराच्या नगरींत, त्यानें ईश्वरी प्रकटीकरणाच्या समर्थनार्थ एक लहान पुस्तक प्रसिद्ध केलें.

बर्लिनमध्येंच राजघराण्यांतील एका कुमारीस शास्त्रीय विषय शिकविण्याचें काम त्याच्याकडे आलें. १७६० पासून त्यानें तिला पत्ररूपानें धडे पाठविले. हीं २३४ पत्रें पुढें १७६८ ते १७७२ या काळांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आणि अनेक भाषांत गेलीं. पहिल्या कांहीं पत्रांत नाद आणि संगीत हेच विषय आहेत. त्यांत चांगल्या संगीतापासून सुख कां होतें याचा विचार करतांना ऑयलर आपल्या जुन्या अंकांपाशींच थांबत नाहीं. तो मूकनाट्याचा दाखला देतो. नट एक शब्दही बोलत नाहीं, तरी त्याच्या हावभावांवरून त्याच्या मनांतील गोष्ट आपणांस ओळखतां आली म्हणजे आपणांस आनंद होतो. संगीतही तसेंच एक कोडें आहे. रचनाकाराच्या मनांत कांहीं योजना असते. ऐकणारा ती ओळखूं पाहतो. आणि ओळखली कीं संतोष पावतो. येथें त्याच्या विचारांत एक महत्त्वाचा बदल दिसतो असें आम्हांस वाटतें. ग्रंथांत श्रोता हा जुळलेलें प्रमाण पाहणारा होता. पत्रांत तो पुढचें ताडणारा, शोधणारा झाला आहे.

१७६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यानें याहून धीट कल्पना मांडली. युरोपीय संगीतांत चार सुरांचा एक मेळ सर्वत्र वापरला जातो. त्याचीं प्रमाणें ३६:४५:५४:६४ अशीं धरलीं जात. जुन्या नियमानें त्याची पायरी १७ येते. मग हा अवघड मेळ सर्वांस इतका रुचतो कसा? ऑयलरनें सुचविलें कीं, तारेवर ६४ वाजत असले तरी कान ते ६३ समजून घेतो. कारण ३६, ४५, ५४ आणि ६३ यांस ९ नें भागिलें म्हणजे ४:५:६:७ असें सुटसुटीत प्रमाण मिळतें आणि पायरी १५ होते. म्हणजे कान हा केवळ पावती फाडणारा कारकून नव्हे. तो लहानसहान चुका पोटांत घालतो आणि जें साधें व सुसंगत तें स्वीकारतो. उतरलेल्या तारेच्या आणि पेटीच्या पंचमाच्या कोड्याचें उत्तरही यांतच दडलेलें आहे. ज्या गणिताचा विषय प्रथम तार हा होता, त्याचा विषय आतां ऐकणाराचें मन हा झाला.

त्याच वर्षीं, १७६६ सालीं, राणी कॅथरीन हिच्या आग्रहावरून ऑयलर पुन्हां पीटर्सबर्ग येथें गेला. तेथें गेल्यावर थोड्याच काळांत मोतीबिंदूमुळें त्याच्या डाव्या डोळ्याचीही दृष्टि मंदावली. १७७१ सालीं शस्त्रक्रिया झाली. कांहीं दिवस त्यास दिसूं लागलें, पण पुढें डोळा बिघडून तो जवळजवळ पूर्ण अंध झाला. त्याच वर्षीं शहरांत मोठी आग लागून त्याचें घर जळालें. पेटर ग्रिम नांवाच्या त्याच्या एका देशबांधवानें आगींत शिरून या आंधळ्या पंडितास आपल्या पाठीवरून बाहेर आणिलें. हस्तलिखितेंही बहुतेक वांचलीं. १७७३ सालीं त्याची पत्नी वारली.

एवढीं संकटें कोसळलीं असतां दुसरा एखादा खचून गेला असता. ऑयलरच्या कामाचा वेग उलट वाढला. त्याची स्मरणशक्ति अद्भुत होती. व्हर्जिलचें महाकाव्य त्यास सबंध पाठ होतें, आणि आपल्या प्रतींतील प्रत्येक पानाची पहिली व शेवटची ओळ कोणती हें तो सांगूं शके. लांबलचक आंकडेमोड तो मनांतच करी आणि पुत्र व शिष्य यांच्याकडून लिहवून घेई. बीजगणितावरील त्याचें सुबोध पुस्तक त्यानें एका शिंपीकाम शिकलेल्या नोकरास सांगून लिहविलें. आणि तें लिहितां लिहितां तो नोकरही बीजगणित शिकला असें म्हणतात. त्याच्या एकंदर लेखनापैकीं फार मोठा भाग या अंधपणाच्या काळांतील आहे. १७७३ सालीं त्यानें सुरांच्या परस्परसंबंधांवर पुन्हां एक निबंध तयार केला. म्हणजे दृष्टि गेल्यावरही हा जुना विषय त्याच्या मनांतून गेला नव्हता.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं ऑयलरचा अंत झाला. त्या वर्षीं फ्रान्समध्यें प्रथमच विमानें, म्हणजे उष्ण हवेचे फुगे, आकाशांत चढलीं होतीं. त्यांच्या गतीचें गणित त्यानें पाटीवर मांडलें होतें. दोन वर्षांपूर्वीं सांपडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं त्यानें त्या दिवशीं शिष्यांशीं चर्चा केली. सायंकाळीं अकस्मात् त्यास झटका आला आणि थोड्याच तासांत त्याची प्राणज्योत मालवली. त्याच्या ग्रंथ व निबंधांची जी यादी विसाव्या शतकाच्या आरंभीं तयार झाली, तींत ८६६ नोंदी आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ऑयलरच्या मागून या विषयाचें पुढें काय झालें? १८६३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें आपल्या मोठ्या ग्रंथांत त्याच्या सिद्धांतावर नेमका आक्षेप घेतला. ज्यास प्रमाणांचें नांवही ठाऊक नाहीं अशा मनुष्यास, तीं प्रमाणें जुळलीं म्हणून सुख कसें होईल? हेल्महोल्ट्झनें उत्तर कानाच्या रचनेंत शोधिलें. प्रत्येक सुराबरोबर अनेक उपस्वर वाजतात. दोन सुरांचे उपस्वर एकमेकांच्या अगदीं जवळ आले म्हणजे आवाज थरथरतो, आणि तो थरथराट आपणांस कर्कश वाटतो. षड्ज-ऋषभ कां खुपतो आणि षड्ज-पंचम कां खुपत नाहीं, हें यानें पुष्कळ अंशीं उलगडतें. आमच्या महाराष्ट्रांतही प्रमाणांच्या मार्गानें एक मोठा प्रयत्न झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचीं प्रमाणें ठरवून १९१० सालीं पुण्यास इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि या संशोधनांत अब्दुल करीमखां यांच्यासारख्या थोर गायकाचें साहाय्य त्यांस लाभलें.

विसाव्या शतकांत गणकयंत्र आलें, आणि १९५७ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत त्या यंत्राकडून चार तंतुवाद्यांसाठीं संगीतरचनाही करवून घेण्यांत आली. २०११ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, आवडतें संगीत ऐकतांना मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य स्रवतें. आणि विशेष हें कीं, तें उत्कट क्षणींच नव्हे, तर तो क्षण येणार या अपेक्षेनेंही स्रवतें. २०१९ सालच्या एका संशोधनांत ७४५ लोकप्रिय गीतांतील सुमारें ८०,००० स्वरमेळ यंत्रानें तपासले, आणि प्रत्येक ठिकाणीं पुढें काय येईल याची खात्री किती व आश्चर्य किती, हें अंकांनीं काढलें. तेव्हां असें आढळलें कीं, पुढें काय येणार याची खात्री असतां वेगळेंच आलें, किंवा कांहींच खात्री नसतां सरळ अपेक्षित तेंच आलें, म्हणजे श्रोत्यास अधिक सुख होतें. ऑयलरनें त्या कुमारीस लिहिलेलें कोड्याचें उत्तर येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

म्हणजे सुखाचें गणित अखेर सुटलें काय? तसें म्हणतां येणार नाहीं. २०१६ सालीं बोलिव्हिया देशाच्या अरण्यांत राहणाऱ्या त्सिमाने लोकांस जुळते आणि न जुळते असे दोन्हीं प्रकारचे स्वरमेळ ऐकविले, तेव्हां त्यांस ते सारखेच रुचले. कारण अशा मेळांचें संगीत त्यांच्या कानांवरून फारसें गेलेंच नव्हतें. यावरून दिसतें कीं, प्रमाण सर्वत्र एक असलें तरी त्याची गोडी कानाच्या संवयीनें आणि संस्कारानें बनते. अंक इतकें सांगूं शकतात कीं अमुक मेळ किती साधा आहे, आणि अमुक ठिकाणीं श्रोता काय अपेक्षील. परंतु आईनें म्हटलेलें एखादें गीत मोठेपणीं कानीं पडतांच डोळे कां भरून येतात, हें त्या गीताच्या प्रमाणांत लिहिलेलें नसतें. तें ऐकणाराच्या आयुष्यांत लिहिलेलें असतें. आणि म्हणूनच ऑयलरचा प्रयत्न व्यर्थ गेला असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें नियम मांडला म्हणूनच त्यांतील उणीव दिसली. आणि उणीव दिसली म्हणून पुढच्यांना वाट सांपडली. आपला नियम जेथें कानाशीं जुळेना तेथें त्यानें कानास दोष दिला नाहीं, तर पुन्हां विचार केला, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कोणत्याही सिद्धांताइतकीच मोलाची वाटते.

शेवटीं एक लहानसें उदाहरण आमच्या विद्यार्थी वाचकांस देतों. तंबोरा पंचमांत लाविला असतां खर्ज, मंद्र पंचम आणि मध्य षड्ज यांचें प्रमाण २:३:४ असतें. मध्यमांत लाविला असतां खर्ज, मंद्र मध्यम आणि मध्य षड्ज यांचें ३:४:६. दोहोंची पायरी ऑयलरच्या नियमानें काढून पाहावी. उत्तर दोन्हीं वेळां ५ च येईल. मग कोणाच्या घरीं तंबोरा असेल तर तो दोन्हीं प्रकारें लावून, डोळे मिटून, निवांत ऐकावा. अंक सारखे असूनही मनावरील परिणाम सारखा होतो किंवा नाहीं, याचा निर्णय ज्याचा त्यानें आपल्या कानानें करावा.